दगडाचा ठेवा आणि ओठांवरचा ठेवा

वारसा हा शब्द कानी पडताच डोळ्यांसमोर किल्ले, कमानी आणि घुमट उभे राहतात. मुडबीच्या आसमंतात त्यांची वाण नाही. बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील हे गाव कलबुर्गी जिल्ह्याच्या सीमेलगत, तीन जुन्या राजधान्यांच्या टापूत वसलेले आहे. कल्याण ही चालुक्यांची राजधानी. कलबुर्गी ही बहामनी सुलतानांची पहिली आणि बिदर ही दुसरी. येथील बाजारात कन्नड, मराठी, दखनी उर्दू आणि लंबाणी ह्या चारही बोली एकाच दिवशी कानी येतात. अशा प्रदेशाचा खरा ठेवा कोणता, आणि त्याचा राखणदार कोण, ह्याचा विचार आज आम्ही वाचकांसमवेत करू इच्छितो.

प्रथम दगडाचीच गोष्ट घेऊ. बिदर येथे महमूद गवान ह्या विद्वान वजिराने सन १४७२ मध्ये भव्य मदरसा उभारला. इराणी धर्तीची ती वास्तू रंगीत कौलकामाने नटलेली होती. पुढे १४८१ मध्ये खोट्या आरोपावरून सुलतानाने ह्याच वजिराचा शिरच्छेद करविला; आणि १६९६ मध्ये दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग कोसळला. तथापि जे उरले ते आजही उभे आहे. दगड पडझड सोसतो, शतके वाट पाहतो, आणि सरकारी खाते त्याची डागडुजीही करते.

हाताच्या कलेचे तसे नाही. बिदरी काम हे ह्याचे उत्तम उदाहरण होय. पुष्कळसे जस्त व त्यात थोडे तांबे मिसळून ओतलेली वस्तू प्रथम घासून गुळगुळीत करतात. मोरचुदाचे पाणी लावून तिला तात्पुरता काळसर रंग आणतात, म्हणजे त्यावर ओढलेली नक्षी नीट दिसते. मग छिन्नीने ती नक्षी कोरून, त्या बारीक खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. शेवटी किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर ह्यांच्या द्रावणाने धातू काळाभोर होतो. चांदी मात्र जशीच्या तशी शुभ्र राहते. कोणती माती कामाची, हे कारागीर अनुभवाने ओळखतो. ही ओळख पुस्तकात सापडत नाही. वडिलांशेजारी बसूनच ती मुलास येते. सन २००६ मध्ये बिदरी कामास भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२३ मध्ये बिदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी ह्यांचा पद्मश्रीने गौरव झाला. हे सारे आनंदाचेच आहे. परंतु मानांकन कागदावर राहते. छिन्नी धरणारा हात पुढच्या पिढीत नसेल तर त्या कागदाचा उपयोग काय?

हातापेक्षाही नाजूक वस्तू म्हणजे शब्द. बाराव्या शतकात ह्याच कल्याणनगरीत महात्मा बसवेश्वर आणि त्यांचे सहकारी शरण ह्यांनी वचने रचिली. त्यांत चांभार होते, नावाडी होते, स्त्रियाही होत्या. पुढे राज्यात मोठा उत्पात झाला आणि शरणांची पांगापांग झाली. ते ज्या सभेत बसत तिची वास्तू टिकली नाही. वचने मात्र टिकली, कारण लोकांनी ती पाठ केली आणि ताडपत्रांवर उतरून जपली. गेल्या शतकात विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी ह्यांनी घरोघरी हिंडून ती हस्तलिखिते गोळा केली व १९२३ मध्ये वचनांचा मोठा संग्रह छापून काढला. राजधानी गेली, पण वाणी राहिली.

आता आपल्या मराठी घरांशी ज्याचा अगदी निकटचा संबंध आहे, त्या गोष्टीकडे वळू. कल्याणच्या गादीवर सन ११२६ ते ११३८ पर्यंत सोमेश्वर तिसरा हा चालुक्य राजा होता. त्याच्या नावे ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध आहे. राज्यकारभार, पाकशास्त्र, हत्तींची निगा, संगीत अशा नाना विषयांच्या ह्या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ओवीच्या अगदी जुन्या उल्लेखांत तिची गणना होते. विचार करा, राजाच्या दरबारी ग्रंथाने उखळाशी उभ्या राहिलेल्या बाईच्या गाण्याची दखल घेतली! जिच्या नावाची कोठेही नोंद नाही, त्या स्त्रीचे गाणे आज जवळजवळ नऊशे वर्षे मराठीत नांदत आहे.

ह्याच ओवीने आपल्या श्रद्धेलाही आसरा दिला. १५७९ मध्ये गोव्यास आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. त्यांनी मराठीचा मनापासून अभ्यास केला व तारणाची कथा ओवीबद्ध रचिली. १६१६ मध्ये छापलेल्या त्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. परदेशातून आलेल्या ह्या धर्मगुरूने येथील माणसांच्या ओठांवरचेच वृत्त निवडिले, ह्यात त्यांची नम्रता दिसते आणि दूरदृष्टीही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात ज्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेस योग्य मान व स्थान द्यावे असे सांगितले आहे. तेव्हा आजीची ओवी म्हणजे अडाणीपणाची खूण असे कोणी म्हणू लागला, तर त्यास फादर स्टीफन्सांचे नाव सांगावे.

पण गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. गिरणीने बायकांचे पहाटेचे कष्ट वाचविले, ह्याबद्दल कोणी हळहळ करू नये. परंतु कष्टांबरोबर गाणेही गेले. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवाँ ह्यांनी हा धोका वेळीच ओळखला. त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने खेडोपाडी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, भावाची वाट पाहणे आहे आणि सासरी सोसलेले दुःखही आहे. जे कोणापाशी बोलता आले नाही, ते स्त्रीने जात्यापाशी बोलून दाखविले.

आपल्या शेजारच्या तांड्यांवरील लंबाणी बांधवांची स्थिती तर ह्याहून विचार करण्याजोगी आहे. एके काळी बैलांच्या तांड्यांवर धान्य लादून ते दूरदूर नेणारा हा समाज. कर्नाटकात तो अनुसूचित जातींत गणला जातो, तेलंगणात अनुसूचित जमातींत, आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. माणसे तीच, बोली तीच. सीमा ओलांडली की कागदावरचे नाव निराळे. १९ जानेवारी २०२३ रोजी कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड येथे पन्नास हजारांहून अधिक तांडावासी कुटुंबांना घराच्या जागेचे हक्कपत्र देण्यात आले. ही न्यायाची गोष्ट झाली. पण त्यांच्या बोलीस स्वतःची लिपी नाही. आरसे व कवड्या जडविलेल्या भरतकामातील टाके आई मुलीस शिकविते आणि गाणी तोंडोतोंडी चालतात. एक पिढी गप्प बसली की ते भांडार कायमचे बंद होते.

म्हणून दगडाचा ठेवा राखण्यास राजसत्ता आहे. ओठांवरचा ठेवा राखण्यास केवळ घर आहे. हे काम खर्चाचे नाही. घरात आजी असेल तर सायंप्रार्थनेनंतर मुलांनी तिच्यापाशी बसावे. तिची अनुमती घेऊन ओव्या, पाळणे आणि हळदीची गाणी वहीत उतरून घ्यावीत. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि दिवस खाली लिहावा. मोबाईलवर आवाजही टिपता येईल. मात्र गाणे ऐकून टिंगल करू नये, कारण एकदा हसे झाले की आजी पुन्हा तोंड उघडणार नाही. लग्नाच्या मांडवात कर्ण्याचा आवाज घटकाभर बंद ठेवून वडीलधाऱ्या बायकांस गाऊ द्यावे. शाळेची सहल बिदरचा किल्ला पाहण्यास जाईल तेव्हा मुलांस बिदरी कारागिराच्या पेढीवरही न्यावे, आणि जवळच्या तांड्यावरील मुले वर्गात असतील तर त्यांची गाणी सर्वांनी ऐकावीत.

पंधराव्या शतकातील कमान उद्या पाहिली तरी चालेल. ती तेथेच असेल. नव्वदीतील आजीचे गाणे मात्र ह्याच आठवड्यात ऐकावयास हवे.