आधी पाहायचं, मग हात घालायचा

पाळी बदलली की आधी गाडीची तपासणी होते. टाकी भरलेली आहे का, पंप लगेच सुरू होतो का, बॅटरी, सायरन, दोर, कटर, शिडी, कुऱ्हाड. श्वसनसंचाच्या सिलिंडरमधला दाब काट्यावर पाहून वहीत लिहिला जातो. होजच्या कपलिंगमधला रबरी वायसर बोटाने चाचपला जातो. तो निसटलेला असेल तर पाणी आगीपर्यंत पोचण्याआधीच जोडातून गळून जातं. पुण्याच्या पेठांमधल्या एका अग्निशमन केंद्रात बसून मी हे सगळं पाहत होतो. काम रोजचंच, तरी कोणी ते उरकून टाकत नव्हतं.

मग वर्दी येते. पत्ता, जवळची खूण, काय झालंय, आत कोणी अडकलंय का, एवढं कळताच गाडी बाहेर पडते. दर वेळी आगच असते असं नाही. वर्दींच्या वहीची पानं उलटली की वेगळंच शहर दिसतं: रस्त्यावर ऑइल सांडून दुचाक्या घसरतायत, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलीय, झाड मोटारीवर पडलंय, मांज्यात घार लटकलीय, गॅसवर भाजी ठेवून घरचे बाहेर गेलेत आणि खिडकीतून धूर येतोय. पक्षी सोडवायला कशाला गाडी पाठवायची, असं मलाही कुणी कुणी म्हणालं होतं. पण गाडी गेली नाही, तर त्या घारीसाठी एखादं पोर विजेच्या खांबावर चढतं.

एका वर्दीत मी मागोमाग गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आई कचरा ठेवायला दाराबाहेर आली आणि वाऱ्याने दार लागलं. आत लहान मूल, आणि गॅसवर दूध. जिन्यात शेजारी जमलेले, सगळ्यांचा एकच धोशा: दार तोडा. तुकडीचा म्होरक्या असलेल्या तांडेलने आधी आईला विचारलं, "ताई, आवाज कुठून येतोय त्याचा? दाराजवळ आहे का?" मूल दाराला चिकटूनच रडत होतं. दार फोडलं असतं तर ते त्याच्यावरच गेलं असतं. एक जवान दाराशी बसून मुलाशी बोलत राहिला. दुसरा वरच्या मजल्याच्या गॅलरीतून दोर बांधून खाली उतरला. आत गेल्यावर त्याने आधी गॅस बंद केला, मग मुलाला कडेवर घेतलं, मग आतून दार उघडलं. दाराला ओरखडाही नव्हता.

तिथे मला या कामाचं मर्म कळलं. वेग रस्त्यावर लागतो. दारात पोचल्यावर आधी पाहावं लागतं. बघ्यांना तो उशीर वाटतो, पण पुढचं सगळं त्या पाहण्यावर ठरतं.

गॅसगळतीत हे जास्तच खरं. सिलिंडरमधला घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, मोरीत, जिन्यात उतरतो. म्हणून दिव्याचं बटण दाबायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, माणसं बाहेर काढायची. पेटलेल्या सिलिंडरचा प्रकार आणखी वेगळा. व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर जवान ज्वाळा विझवायची घाई करत नाहीत. विझलेल्या ज्वाळेमागून सुटणारा गॅस खोलीभर साचतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो. ते सिलिंडरवर पाणी मारत तो थंड ठेवतात आणि व्हॉल्व्हपर्यंत पोचायची वाट काढतात.

धुराने भरलेल्या खोलीत डोळ्यांचा उपयोग नसतो. तिथे हाताने पाहावं लागतं. दार उघडण्यापूर्वी हाताच्या पाठीने ते किती तापलंय ते अजमावतात, कारण कोंडलेल्या आगीला अचानक हवा मिळाली तर ती दारातूनच अंगावर येते. आत वाकून किंवा रांगत, भिंत न सोडता सरकायचं. धूर आणि उष्णता वर असते, खाली थोडं दिसतं. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने हवा भरलेली असते. कष्टाच्या कामात ती साधारण अर्धा तास पुरते आणि संपत आली की शिट्टी वाजते. शिट्टी वाजेपर्यंत आत थांबायचं नसतं, त्याआधीच परतीचा हिशेब करायचा असतो. हातातला ६३ मिलिमीटरचा होज १५ मीटर लांबीचा असेल तर त्यातल्या पाण्याचंच वजन ४५ किलोच्या वर जातं. हे ओझं ओढत जिना चढायचा.

झाडपडीतही करवत उशिराच सुरू होते. आधी महावितरणला कळवून वीज तोडायची. मग कोणती फांदी कशावर टेकलीय, कोणती ताणलेली आहे, हे झाडाभोवती फिरून पाहायचं. दबून वाकलेली फांदी चुकीच्या बाजूने कापली तर कापणाऱ्याच्याच तोंडावर उसळते.

पेठांमधले लाकडी वाडे ही जवानांची मोठी काळजी. तुळया आतून जळत जातात, बाहेरून भिंत शाबूत दिसते. मे २०१५ मध्ये मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. आग विझवताना इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाने चार अधिकारी गमावले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्यांतलेच एक. दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ. पाहणी कितीही चोख असली तरी या कामातला धोका संपत नाही, आणि हे ठाऊक असूनही ही माणसं आत शिरतात.

त्यांच्यासाठी आपल्याला करता येण्यासारखं बरंच आहे. १०१ लावल्यावर घाबरून फोन ठेवून देऊ नये. पत्ता, मजला, ओळखीची खूण, आत किती माणसं, सिलिंडर किती, हे सांगावं. एकाने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून वाट दाखवावी. जिन्यात सायकली आणि चपलांची कपाटं नकोत. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही २००६ च्या राज्य कायद्याने मालकावर आणि रहिवाशांवरच टाकलेली जबाबदारी आहे. नळाला पाणी नाही आणि होज कुजलेला, ही स्थिती अनेक सोसायट्यांत आढळते. आणि वळणावर मोटार आडवी लावून जाऊ नये. गाडी तिथे अडली की मिनिटं जातात. दारात पोचल्यावर नीट पाहायला, विचार करायला जवानांना जो वेळ हवा असतो, तो आपण रस्त्यातच खाऊन टाकतो. तो त्यांना मिळालाच पाहिजे.