पडद्यावरून रोगनिदान

डाळिंबावर तेल्या दिसला की बागाइतदाराचा धीर सुटतो. हा जिवाणुजन्य रोग दमट, पावसाळी हवेत झपाट्याने पसरतो; तज्ज्ञाची वाट पाहण्यात आठ दिवस दवडणे परवडत नाही. अशा वेळी कृषि विज्ञान केंद्रातून विद्यापीठातील रोगशास्त्रज्ञाशी दूरदृश्य यंत्रणेद्वारे बोलता येते. विद्यापीठाचा हा कक्ष बहुधा अनेक विभागांत सामाईक असतो, म्हणून कृषि सहायकाने वेळ आधी ठरवून घ्यावी. रोगट पान प्रकाशासमोर धरावे. तेलकट ठिपका आरपार उजळ दिसतो. फळावरील तडे कॅमेऱ्याजवळ न्यावेत. फवारण्यांची तारीखवार नोंद सोबत असावी. ती कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही! नमुने मात्र बंद पिशवीतच न्यावेत, दुसऱ्याच्या बागेतून मिरवीत नव्हे.