तंजावरच्या रुग्णनोंदींचा धडा

निवृत्तीनंतर एकदा एका वैद्यकीय संस्थेच्या निवड समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मी बसलो होतो. एका उमेदवाराच्या अर्जाला यकृत आणि फुप्फुसांच्या विकारांवरील शोधनिबंधांची लांबलचक यादी जोडलेली होती. समितीने निबंध मोजले, गुण दिले आणि ती पुढच्या नावाकडे वळली. मी वैद्यकाचा नव्हे, इतिहासाचा विद्यार्थी, तरी राहवले नाही म्हणून विचारले, “या निबंधांमागील रुग्णांच्या मूळ नोंदी आज कोठे आहेत?” उमेदवार गोंधळला. समितीलाही तो प्रश्न अस्थानी वाटला, हे मला दिसत होते.

मला तो सुचला याचे श्रेय तंजावरला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापन केलेल्या या मराठी राज्याची सूत्रे 1798 मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांकडे आली. पुढच्याच वर्षीच्या तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला, भोवतालचा थोडा प्रदेश व उत्पन्नाचा वाटा एवढेच उरले. सत्ता गेलेले अनेक राजे विलासात बुडाले. सरफोजी ग्रंथांकडे आणि रुग्णांकडे वळले. 1832 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी हा व्यासंग सोडला नाही.

त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी वैद्य एकत्र काम करीत. युरोपीय वैद्यकाचाही तेथे अभ्यास होई. अनुभवास उतरलेले योग तमिळ पद्यात बांधून घेण्यात आले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ओळखले जाणारे हे साहित्य विसाव्या शतकात सरस्वती महाल ग्रंथालयाने रोगवार खंडांत छापले. नेत्ररोग, मधुमेह, पांडू, श्वास-कास असे त्याचे विषय आहेत. चरकाने कामलेचा विचार पांडूच्याच अध्यायात केला आहे, हे लक्षात घेतले तर आमच्या उमेदवाराचे दोन्ही प्रांत तंजावरास अपरिचित नव्हते. राजा मराठी असताना पद्ये तमिळ का, याचे उत्तर सरळ आहे. औषध देणारा वैद्य आणि घेणारा रोगी, दोघेही तमिळ बोलत होते.

मला अधिक मोलाच्या वाटतात त्या नेत्ररुग्णांच्या नोंदी. रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार कोणता केला आणि पुढे दृष्टीत काय फरक पडला, हे त्यांत लिहिलेले आहे; सोबत डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील तज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आणि 2012 मध्ये त्यावरील लेख ‘इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. राजाच्या हयातीत यातला एकही निबंध कोठल्या परिषदेत वाचला गेला नव्हता. तरीही सुमारे दोन शतकांनंतरच्या डॉक्टरांना ते काम तपासता आले, कारण मूळ कागद जागेवर होते.

येथे भाबडेपणा नको. तुलनेसाठी दुसरा रुग्णगट ठेवण्याची आजची शिस्त त्या काळी रूढ नव्हती. ते योग आज कोणी स्वतःवर करून पाहू नयेत. नोंद शास्त्रशुद्ध होती म्हणून उपचारही अचूक होता, असे सिद्ध होत नाही. मात्र उपचार चुकला असेल, तर ती चूक नोंदीमुळेच सापडू शकते. नोंदच नसेल, तर निबंध ही केवळ लेखकाची ग्वाही उरते.

आज वैद्यकीय महाविद्यालयांतील बढतीसाठी शोधनिबंध आवश्यक मानले जातात. नियमामागचा हेतू चांगला आहे, पण प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. जे मोजले जाते तेच वाढते. निबंध मोजाल तर निबंध वाढतील, रुग्णाचा पाठपुरावा वाढेलच असे नाही. यकृताचा जुनाट विकार किंवा फुप्फुसांचा क्षय वर्षानुवर्षे पाहावा लागतो. बढतीचे वेळापत्रक तेवढे थांबत नाही. म्हणून निवड समित्यांनी संख्या कमी मागावी आणि रुग्णांची ओळख गुप्त ठेवून, निवडक निबंधांमागील मूळ नोंदी तपासाव्यात.

तंजावरच्या बाबतीतही आपले एक देणे बाकी आहे. राजदरबाराचे हिशेब आणि पत्रव्यवहार मोडीत आहेत. ते रुमाल सोडून वाचू शकणारी माणसे थोडी, आणि कागद कोणाची वाट पाहत नाही. तमिळनाडूने हा ठेवा सांभाळला. तो वाचणारी माणसे तयार करणे हे महाराष्ट्राचे काम आहे. आपल्या विद्यापीठांनी दरवर्षी चार-दोन मोडी जाणणारे विद्यार्थी तेथे पाठवले, तरी पुष्कळ होईल.

त्या दिवशी समितीने माझा प्रश्न इतिवृत्तात घेतला नाही. म्हणून तो येथे नोंदवून ठेवतो.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)