आजोबांचे घड्याळ : सैल झालेले भाग कसे बसवावेत?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटाच्या खणात चावीचे एखादे जुने मनगटी घड्याळ पडून असेल. पुष्कळदा ते एच.एम.टी.चे असते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे या घड्याळांचा कारखाना सुरू झाला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आता यांचे सुटे भाग मिळतात ते जुन्या साठ्यातून किंवा बंद पडलेल्या घड्याळांतून. म्हणूनच हाती असलेला भाग हरवू वा बिघडू न देणे महत्त्वाचे.

प्रथम पट्टा पाहू. पट्टा ज्या पिनांवर बसतो त्यांच्या आत छोटी स्प्रिंग असते आणि टोके दोन्ही बाजूंच्या भोकांत अडकतात. घामाने पिन गंजली की ती सुटते आणि घड्याळ थेट फरशीवर पडते. पिन बदलणे घरी जमण्यासारखे आहे. टेबलावर जाड पांढरे कापड अंथरा, म्हणजे पिन उडाली तरी सापडेल. पिनेचे एक टोक भोकात बसवा, दुसरे दाबून आत सरकवा. 'टक्' असा आवाज आल्यावर पट्टा हळूच ओढून खात्री करा. एक पिन गंजली असेल तर दोन्ही बदलाव्यात, कारण दोघींचे वय सारखेच असते.

चावीचे बटण दांडीसकट हातात आले, तर ते जोराने परत खुपसू नका. ही दांडी आत एका खिटीने धरलेली असते. काही घड्याळांत ती खिटी स्क्रूने सैल होते, काहींत दाबून. स्क्रू गरजेपेक्षा जास्त फिरवला तर खिटी तबकडीखाली निखळते आणि मग काटे व तबकडी काढण्यावाचून गत्यंतर नसते. हे काम घड्याळजींचे. तोवर बटण डबीत आणि घड्याळ स्वच्छ कापडात ठेवा, कारण उघड्या भोकातून धूळ आत जाते.

घड्याळ हलवल्यावर आत खुळखुळ वाजते का? आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळात फिरत्या वजनाचा थोडा आवाज स्वाभाविक असतो. परंतु हाताने चावी द्यायच्या घड्याळात खुळखुळणे म्हणजे बहुधा सुटलेला स्क्रू. अशा वेळी चावी देऊ नका. तो स्क्रू चक्रांच्या दातांत अडकू शकतो किंवा केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग वाकवू शकतो.

काटा सैल झाल्यास तो डिंकाने चिकटवू नये. घड्याळजी काट्याचे भोक किंचित आवळतात, मग तासकाटा व मिनिटकाटा दोन्ही बरोबर बारावर बसवतात. तारीख दाखवणाऱ्या घड्याळात तारीख बदलण्याचा क्षण गाठून मगच काटे बसवतात, नाहीतर तारीख भरदुपारी बदलते! काटे एकमेकांना, तबकडीला वा काचेला घासत नाहीत ना, हेही पाहिले जाते.

चटकन चिकटणारा गोंद तर दूरच ठेवावा. त्याच्या वाफेने काचेवर पांढरट थर येतो आणि एक थेंब आत गेला तर चक्रेच जाम होतात.

पालकांनी एक खबरदारी अवश्य घ्यावी. फार जुन्या, विशेषतः १९६० पूर्वीच्या, अंधारात चमकणाऱ्या काही घड्याळांच्या रंगात रेडियम असे. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो. असे घड्याळ मुलांना उघडू देऊ नये व तो रंग कधीही खरवडू नये.

थोडक्यात, झाकणाच्या बाहेरचे काम आपले, आतले जाणकाराचे. घड्याळ दुरुस्तीला देताना मुलांनाही बरोबर न्यावे आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा. भिंग लावून ते काम पाहणे हा विज्ञानाचा उत्तम धडा आहे.