व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली, पुढे काय?

रक्तदान करून काही दिवस झाले की रक्तपेढीतून फोन येतो, ‘एकदा समक्ष येऊन जा.’ किंवा गरोदरपणाच्या पहिल्या तपासण्यांत, नाहीतर हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या रिपोर्टांत एका ओळीपुढे लिहिलेलं असतं : व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह, १:१६. अंगावर फोड नाही, पुरळ नाही, ताप नाही. सिफिलिसचा, म्हणजे जुनी माणसं जिला ‘गरमी’ म्हणतात तिचा, पत्ता आज पुष्कळांना असाच लागतो. त्यानंतरच्या आठवड्यात घाबरून जे केलं जातं, ते मूळ रोगापेक्षा महाग पडू शकतं. रोग तर पूर्ण बरा होणारा आहे.

आधी तो रिपोर्ट समजून घेऊ. गंमत म्हणजे ही चाचणी सिफिलिसचा जंतू शोधतच नाही. १९०६ साली जर्मनीत ऑगस्ट वासरमान आणि सहकाऱ्यांनी या रोगाची पहिली रक्तचाचणी तयार केली, तेव्हा त्यांनी सिफिलिसनं दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरला होता. त्या यकृतात जंतू खच्चून भरलेले असतात, म्हणून. थोड्याच काळात दिसून आलं, की निरोगी हृदयाच्या अर्कानंही तोच निकाल मिळतो! मग रक्तातली प्रतिपिंडं ओळखत होती तरी कशाला? उत्तर मिळालं १९४१ साली. अमेरिकेत मेरी पँगबॉर्न यांनी गुरांच्या हृदयातून कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ वेगळा केला. आजही व्हीडीआरएलमध्ये तोच वापरतात.

हा पदार्थ आपल्या पेशींतही असतो, म्हणून त्यांना इजा झाली तरी त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. म्हणून मलेरिया, कुष्ठरोग, ल्यूपस, क्वचित नुसतं गरोदरपण किंवा उतारवय एवढ्यानंही व्हीडीआरएल पॉझिटिव्ह येते. तेव्हा तो आकडा बहुधा लहान असतो. खरं-खोटं करायला टीपीएचए ही दुसरी चाचणी लागते. ती खुद्द जंतूविरुद्धची प्रतिपिंडं पकडते. दोन्ही पॉझिटिव्ह आल्या, तर सिफिलिस आत्ता आहे किंवा कधीतरी होऊन गेला आहे. पूर्वी नीट उपचार झाल्याचे कागद नसतील, तर उपचार घ्यायचेच. ‘१:१६’चा अर्थ एवढाच, की रक्तद्रव सोळा पट पातळ केला तरी चाचणी पॉझिटिव्ह येते. हा कागद जपून ठेवा. उपचार लागू पडले का, ते पुढे याच आकड्यावरून कळणार आहे.

उपचार साधा आहे. बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिट, बहुधा अर्धे-अर्धे दोन्ही कुल्ल्यांत. लागण वर्षाच्या आतली असेल तर एकदाच. त्याहून जुनी किंवा कधीची ते कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतरानं तीनदा. इंजेक्शन चांगलंच दुखतं. पण याच पेनिसिलिनची गरज का? हा जंतू फार संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला तीसेक तास लागतात, आणि पेनिसिलिन त्याला गाठतं ते वाढताना. म्हणून औषध रक्तात दिवसच्या दिवस टिकावं लागतं, आणि बेंझाथिन स्नायूतून हळूहळू झिरपत तेच करतं. १९४३ साली जॉन महोनी यांनी पेनिसिलिननं सिफिलिस बरा करून दाखवला. तेव्हापासून आजवर हा जंतू त्याला दाद देईनासा झालेला नाही. अझिथ्रोमायसिनला मात्र तो अनेक देशांत सरावला आहे. तेव्हा मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणं आणि स्टेशनाजवळच्या भिंतीवर जाहिरात केलेल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडे जाणं, दोन्ही टाळा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. डॉक्सिसायक्लिन हा पर्याय आहे, पण गरोदर बाईला तो चालत नाही. पहिल्या इंजेक्शननंतर चोवीस तासांत ताप, थंडी, अंगदुखी झाली तर ती ॲलर्जी असेलच असं नाही. जंतू मरताना असं होऊ शकतं. गरोदर असाल तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवा.

खरं अवघड काम घरी असतं. हा रिपोर्ट रोग कुणाकडून आणि कधी आला ते सांगत नाही. पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते; नंतर तळहात-तळपायांवर उठलेलं पुरळही जातं. मग रोग वर्षानुवर्षं गप्प बसतो. लग्नाआधीची लागण लग्नानंतर कळू शकते. त्यामुळे रिपोर्ट हातात घेऊन नवरा-बायकोनं एकमेकांची उलटतपासणी घेण्यात काही हशील नाही. जोडीदाराची तपासणी मात्र हवीच. गेल्या नव्वद दिवसांत संबंध आला असेल आणि लागण ताजी असेल, तर जोडीदाराची चाचणी निगेटिव्ह असली तरी त्यालाही उपचार देतात, कारण प्रतिपिंडं दिसायला वेळ लागतो. एकानंच इंजेक्शन घेतलं तर रोग पुन्हा त्याच्याकडे येतो. एकदा होऊन गेल्यानं संरक्षण मिळत नाही. उपचार पुरे होऊन जखमा भरेपर्यंत संबंध नकोत. कंडोमनं न झाकलेल्या जागेच्या जखमेतूनही लागण होते.

गरोदरपणात तर दिवस घालवूच नका. उपचार न झाल्यास गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकतं किंवा जन्मतःच रोग घेऊन येऊ शकतं. इंजेक्शन प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी व्हायला हवं.

एचआयव्हीची तपासणीही याच वेळी करून घ्या. सिफिलिसच्या जखमेतून तो विषाणू सहज शिरतो. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये उपचार आणि समुपदेशन मोफत मिळतं. १०९७ या मोफत क्रमांकावर आधी नुसती चौकशीही करता येते.

मग सहा महिन्यांनी आणि वर्षानं व्हीडीआरएल पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. १:१६ चा आकडा १:४ किंवा त्याखाली आला म्हणजे उपचार लागू पडले. तो काही जणांत पूर्ण शून्यावर येत नाही, त्यानं घाबरू नका. टीपीएचए मात्र पुन्हा करण्यात पैसे घालवू नका. रोग बरा झाल्यावरही ती बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्हच येते.