दीर्घकाळ धावलेल्या पिकअपची निगा : किलोमीटर आणि झीज

नाशिक जिल्ह्यातील भाजीपाला मुंबईच्या बाजारात पोहोचविणाऱ्या वाहनांत डिझेलवर चालणाऱ्या लहान पिकअप मोठ्या संख्येने दिसतात. अशा पिकअपने तीन लक्ष किलोमीटरांचा पल्ला ओलांडला, की तिचे आयुष्य संपत आले असे मानण्याचा प्रघात आहे. मग मालक एकतर इंजिन उतरवून मोठा खर्च पत्करतो, नाहीतर ‘आता हिच्यावर पैसा घालण्यात अर्थ नाही’ असे ठरवून लहानसहान दुरुस्त्याही सोडून देतो. दोन्ही निर्णयांना आधार एकाच आकड्याचा असतो. आणि तो आकडा झिजेचा विश्वसनीय साक्षीदार नव्हे.

घासणाऱ्या पृष्ठभागांच्या झिजेसंबंधी आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, झिजून जाणाऱ्या द्रव्याचे आकारमान भार व घसरण्याचे अंतर यांच्या सम प्रमाणात आणि पृष्ठभागाच्या काठिण्याच्या व्यस्त प्रमाणात असते. यावरून किलोमीटर मोजणेच योग्य, असे सकृद्दर्शनी वाटेल. परंतु सूत्रातील गुणक स्थिर नाही. वंगणाच्या अवस्थेनुसार तो कित्येक पटींनी बदलतो. स्ट्रिबेक यांनी बेअरिंगांवर केलेल्या आणि १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसून आले, की वेग पुरेसा असेल तर तेलाचा पापुद्रा दोन्ही पृष्ठभागांना अलग ठेवतो. वेग मंदावला की धातू धातूला भिडू लागतो. यास्तव महामार्गावर तासन् तास एकाच गतीने चालणारी पिकअप पुष्कळ अंतर कापूनही कमी झिजते, तर शहरात दारोदार थांबत, दिवसातून वीस वेळा बंद-चालू होणारी पिकअप थोड्या अंतरातच अधिक झिजते. शिवाय तीन लक्ष किलोमीटर म्हणजे ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने ७,५०० तास, आणि ताशी २० किलोमीटर वेगाने १५,००० तास. मापकावरचा आकडा मात्र दोन्हीकडे एकच.

त्याहूनही निर्णायक गोष्ट धुळीची. शेतरस्त्यावरील धुळीतील सिलिका पोलादालाही ओरखडते. ती एअर फिल्टरमधून निसटली तर पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरच्या भिंती कानशीने घासल्याप्रमाणे झिजतात. फिल्टर वारंवार काढून हवेच्या झोताने साफ करण्याची सवय येथे उपकारक ठरत नाही. झोताने कागद फाटतो, कडेचे रबर नीट बसत नाही, आणि स्वच्छ दिसणारा फिल्टर धूळ आत सोडू लागतो. वापरलेल्या तेलाच्या रासायनिक परीक्षणात हा दोष लवकर उघड होतो. १९४० च्या दशकात अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी डिझेल एंजिनांसाठी ही पद्धत अवलंबिली. तेलात सिलिकॉन व लोह एकत्र वाढले तर धूळ, तांबे व शिसे वाढले तर बेअरिंग, सोडियम वा पोटॅशियम आढळले तर कूलंटची गळती, असा साधारण अर्थ लावला जातो. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये. आकडे कोणत्या दिशेने सरकत आहेत, हेच पाहावयाचे असते. प्रयोगशाळा जवळ नसल्यास दर हजार किलोमीटरांना किती तेल वर भरावे लागले याची वही ठेवणे, हाही एक प्रामाणिक पर्याय आहे. तेल काळे झाले म्हणजे निकामी झाले, ही समजूत मात्र डिझेल इंजिनाबाबत खरी नाही; काजळी धरून ठेवणे हे त्या तेलाचे कामच आहे.

रिंगांची वा सिलिंडरची झीज हळूहळू होते व आगाऊ सूचना देते. याउलट रेडिएटरचे पाइप, बेल्ट व ब्रेकमधील रबरी वायसर किलोमीटरांनी नव्हे तर वर्षांनी जुने होतात, आणि बहुधा काहीही न सांगता दगा देतात. जुन्या वाहनात पहिल्या वर्गाचे मापन करावे आणि दुसऱ्या वर्गातील वस्तू मुदत भरताच बदलाव्यात. व्यवहारात बहुधा उलट घडते : इंजिनाच्या धुराची चिंता सारे करतात, पाइपाकडे कोणी पाहत नाही. फुटलेल्या पाइपाची किंमत अल्प असते. त्यामुळे तापून वाकलेल्या हेडची नसते.

कसाऱ्याच्या घाटात या भेदाचे गांभीर्य कळते. मुंबईकडे जाणारी पिकअप घाट उतरते ती भरलेली, आणि चढते ती पुष्कळदा रिकामी. म्हणजे खरी कसोटी इंजिनापेक्षा ब्रेकची. मालासह ३,००० किलोग्रॅम वजनाची गाडी ३०० मीटर खाली आली, तर सुमारे ८८ लक्ष ज्यूल ऊर्जा मुक्त होते. एवढ्या ऊर्जेने २५ अंशांचे सुमारे २८ लिटर पाणी उकळबिंदूस पोहोचेल. हवेचा व चाकांचा रोध यातील काही भाग घेतो. खालचा गिअर असेल तर इंजिनही आपला वाटा उचलते. उरलेली सारी उष्णता ब्रेकमध्ये साठते. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक इंजिनाचा वाटा स्वतः होऊन नाकारतो. वस्तुतः त्यात बचतही नाही. आधुनिक इंजिनात गिअर असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर उतारावर इंधनाचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते.

या उष्णतेशी ब्रेक ऑइलच्या वयाचा निकट संबंध आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू मानकानुसार किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मिसळलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंश आहे. ‘डॉट ४’ साठी हेच आकडे २३० व १५५. ऑइल उकळले की नळ्यांत वाफ होते. वाफ दबते, दाब पुढे पोहोचवीत नाही, आणि पेडल तळाला जाते. सपाट रस्त्यावर त्याच पिकअपचे ब्रेक निर्दोष वाटतात, त्यामुळे गॅरेजमधील फेरीत हा दोष सापडत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत नियमाने ये-जा करणाऱ्या पिकअपचे ब्रेक ऑइल दोन वर्षांच्या आत, पावसाळा सरल्यावर, संपूर्ण बदलणे इष्ट होय. कमी झालेली पातळी नुसती वर भरल्याने जुने पाणी आतच राहते. आणि त्यासाठी गॅरेजच्या फळीवर महिनोन् महिने उघडा पडलेला डबा वापरला, तर त्यात नव्या पाण्याची भर पडते.