शिक्षण धोरण व व्यवस्थापन : पदव्युत्तर वाटा

एम.ए. की एम.एड.? एम.ए. (शिक्षणशास्त्र) सहसा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुले. एम.एड.ला आधी सहसा बी.एड. हवे; 2015 मध्ये एम.एड. दोन वर्षांचे झाले. व्यवस्थापन दोन्हींत बहुधा एक विषय म्हणून येते, पूर्ण पदवी म्हणून नव्हे. गफलत इथेच होते.

पुणे
• सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग.
• भारतीय शिक्षण संस्था : स्थापना 1948, मुंबई, 1976 मध्ये पुण्यात. संस्थापक जे. पी. नाईक, मूळचे कोल्हापूरकडचे. कोठारी शिक्षण आयोगाचे (1964–66) सदस्य-सचिव.

नाशिक • यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (1989) : शालेय व्यवस्थापन पदविका, नोकरी सांभाळून. ही पदविका आहे, एम.ए. नव्हे.

दिल्ली • 'नीपा' : केवळ शैक्षणिक नियोजन व प्रशासनाला वाहिलेली संस्था, 2006 पासून अभिमत विद्यापीठ.

अभ्यास कशाचा? गावातल्या जिल्हा परिषद शाळेपासून वर जाणारी साखळी : केंद्रप्रमुख, तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, पुण्यातले शिक्षण आयुक्त. शिवाय कायदे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात.